ती एक्सेल शीट आधी बंद कर

यावेळचं पत्र न्यू जर्सीहून आलंय. बाई मूळची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, नाव देत नाही, पण पेठेतली माणसं दोन ओळींत ओळखतील. लिहितीय:

"ताई, घरात यंदा दोन सीनियर आहेत. धाकटी हायस्कूलची सीनियर, म्हणजे आपली बारावी, आणि थोरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तोपण सीनियरच. धाकटीचं सगळं माझ्या हातात आहे, चौदा कॉलेजं, डेडलाइनी, निबंध, शिफारसपत्रं, सगळ्याची एक्सेल शीट केलीय रंग देऊन. थोरल्याचं मात्र काय चाललंय कळत नाही. फोन केला की 'चाललंय' म्हणतो. फी आम्ही भरतो आणि मार्क बघायला गेलं तर पोर्टल उघडत नाही. बारावीला हाच पोरगा किती शहाणा होता हो."

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. पेठेतली आहेस म्हणून एकेरीत बोलतो (हो, 'बोलतो'च लिहिलंय, वीस वर्षं तिकडं काढून परत आलो तरी कोल्हापूरच्या बाईचं हे 'तो' काही गेलं नाही). अगं, बारावीला तो शहाणा नव्हता, तू शहाणी होतीस! त्याची पण अशीच रंगीत शीट होती ना? तू लिहिलं नाहीस, पण मी पैज लावतो, होती.

आता मला सांग, बारावीचं वर्ष म्हणजे तिकडं असतं काय. एक ऑगस्टला कॉमन अ‍ॅप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच ऑनलाइन अर्ज, नव्यानं उघडतं, साडेसहाशे शब्दांचा निबंध, एक नोव्हेंबरला बहुतेकांची अर्ली डेडलाइन, एक जानेवारीच्या आसपास रेग्युलर, मार्चअखेरपर्यंत निकाल, आणि एक मेपर्यंत कुठं जाणार ते कळवायचं. सगळं तारखांवर चालतं. शाळेत कौन्सेलर असतो, टीचर असतात, वर्गातली सगळी पोरं त्याच तारखांना तेच करत असतात. या रुळावरनं गाडी ढकलायला आईला काही कठीण नाही, आणि आपण ढकलतो, कारण आपल्याला तारीख दिसली की राहवत नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला रूळच नाही. रूममेटला उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपवरनंच सप्टेंबरमध्ये नोकरीची ऑफर आलेली असते, दुसरा मास्टर्सच्या परीक्षा देतोय, तिसरीला अजून मेजर, म्हणजे मुख्य विषय, आवडतंय का नाही तेच कळत नाहीये. प्रत्येकाचं वेगळं, प्रत्येकाचं वेगळ्या वेळी, आणि कुणी विचारायला येत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याची भरती आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकतात, पण ते घरी पत्र पाठवून कोण कळवत नाही, आणि ज्या पोराला चार वर्षांपूर्वी प्रत्येक तारीख आईनं सांगितलेली असते ते पोरगं वाट बघत बसतं, कोणतरी सांगेल म्हणून.

मला हे कळतंय कारण मी हेच करून बसलोय. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असायचं, दर डिसेंबरला कोल्हापूरला आलो की महाद्वार रोडवरनं दोन घेऊन जायचो. पोराच्या बारावीला त्या कालनिर्णयवर एकादशी, चतुर्थी आणि त्यांच्यावरनं लाल पेनानं कॉलेजांची नावं, नोव्हेंबरच्या पानावर तर तारीखच दिसत नव्हती. कॉमन अ‍ॅपचा ईमेल माझा, पासवर्ड माझा, निबंध त्याचा पण स्वल्पविराम माझे. चांगल्या कॉलेजात लागला, मी अख्ख्या मंडळात पेढे वाटले.

चार वर्षांनी स्प्रिंग ब्रेकला घरी आला. मार्च महिना, मी पोहे केलेले, दुसऱ्यांदा वाढून घेतले त्यानं. मी विचारलं कंपन्यांचं काय झालं, तर म्हणतोय ग्रॅज्युएशन झालं की बघू. कॉलेजचा जॉब फेअर सप्टेंबरातच होऊन गेलेला! मी इतकी बडबड केली, इतकी बडबड केली. तो शांतपणे ताट पुढं सरकवून म्हणाला, "आई, पण यांची डेडलाइन कुठं लिहिलेली असते?" आणि मान वर करून भिंतीकडं बघितलं. त्या वर्षीचं कालनिर्णय कोरं होतं, नुसत्या एकादश्या.

पुढं जानेवारीपर्यंत आमच्या बेसमेंटमध्ये होता. आता छान आहे, पण ते आठ महिने मी विसरणार नाही, आणि त्यात चूक त्याची निम्मीसुद्धा नव्हती.

याउलट माझी स्वतःची बारावी. वडलांची मार्केट यार्डात गुळाची अडत, मी सायन्सला आहे एवढं त्यांना माहीत होतं, विषय विचारले असते तर सांगता आले नसते. फॉर्म आणायला खिडकीवर मी गेलो, झेरॉक्सवर ट्रू कॉपीचा शिक्का लागायचा, त्याला गॅझेटेड ऑफिसर लागायचा, दोन गल्ल्या सोडून एक जनावरांचे सरकारी डॉक्टर राहायचे त्यांनी मला तीनदा परत पाठवलं, एकदा ओरिजिनल नाही म्हणून, एकदा ते जेवत होते म्हणून, तिसऱ्यांदा का ते आठवत नाही. रडत घरी आलो तर वडील म्हणाले, "उद्या सकाळी सातला जा, जेवायला बसायच्या आत." बस्स, एवढीच त्यांची मदत. पण ग्रॅज्युएशननंतर नोकरीसाठी कुणाच्या दारात उभं राहायला मला कधी भीती वाटली नाही. (माझी बहीण म्हणते तू वडलांचं उगाच कौतुक करतेस, त्यांना खरंच वेळ नव्हता. असेल.)

आता काय करायचं. आधी ती शीट धाकटीच्या नावावर कर आणि तुझा अ‍ॅक्सेस काढून टाक, हो, आजच. कॉमन अ‍ॅपला तुझा ईमेल असला तर बदलायला सांग. निबंध तिनं आणून दिला तर वाच, मागू नकोस. चौदातलं एखादं कॉलेज तिच्या हातनं चुकू दे, चौदातलं एक गेलं तर आभाळ कोसळत नाही, आणि सतराव्या वर्षी चुकलेली तारीख एकविसाव्या वर्षी कामाला येते. तू पेठेतली, भाऊ तालमीत जात असणार, तुला काय सांगायचं, खासबागेत कुस्ती लागली की वस्ताद हौद्यात उतरतो का? बाहेरनं ओरडतो फार तर.

थोरल्याला आता नव्यानं शीट करून देऊ नकोस, मला माहितीय तुझे हात शिवशिवतायत. रविवारी फोन कर, "नोकरीचं काय" सोडून काहीही विचार. या आठवड्यात कुणाला ईमेल केलास, एवढं एक विचारलंस तरी चालेल. कॉलेजच्या करियर सेंटरला एकदा जाऊन ये म्हणावं, त्याची फी तुम्ही भरलेलीच आहे. आणि एक गोष्ट त्याला स्पष्ट सांग, की घरी यावं लागलं तर खोली आहे आणि सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या इन्शुरन्सवर राहू शकतो. "तुझी बहीण बघ कशी" हे वाक्य या वर्षात बंद. त्याच्या बाबांनाही बंद.

बाकीचं भरभर. पोर्टल उघडत नाही कारण १९७४ पासूनचा कायदाच आहे, कॉलेजात गेलं की मार्कांचा हक्क पोराचा, आईबापाचा नाही, फी कोणी का भरेना. भांडू नकोस, त्यालाच विचार. प्रॉमचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या नाचाच्या पार्टीचा, ड्रेस धाकटीचा तिला घेऊ दे, त्या मुलाबद्दल तू अर्धं पान लिहिलंयस ते मी वाचलंच नाही. ग्रीन कार्ड झालंय म्हणतेस, मग सुटलात. पोरगा एच-फोरवर, म्हणजे आईबापाच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, असता तर एकविसावं लागायच्या आत वकील गाठायला लागला असता.

आणि सासूबाईंना कुठल्या ग्रॅज्युएशनला बोलावू विचारतेस, तर दोन्हीला बोलाव. कॉलेजचं बहुतेक मे महिन्यात, शाळेचं जूनमध्ये, व्हिजिटरला साधारण सहा महिने मिळतात, त्यात दोन्ही आरामात बसतं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं मात्र आत्ताच बघा. येताना कांदा-लसूण चटणी जास्तीची आणायला सांग. पण त्याआधी तुझ्याकडं आत्ता जी असेल ती डब्यात भरून थोरल्याच्या रूमवर पार्सल कर. आणि डब्यात चिठ्ठी घालू नकोस.