पाचवीतच बीजगणिताचा क्लास लावू का?

प्रश्न : आम्ही चाळीसगावला राहतो. माझा मुलगा पाचवीत आहे, सेमी-इंग्रजीत. गणित बरं आहे, पाढे पाठ आहेत, अपूर्णांकात मात्र थोडा गोंधळतो. इथल्या एका क्लासने 'आयआयटी फाउंडेशन' नावाची बॅच काढली आहे. त्यात पाचवीपासूनच सातवी-आठवीचं बीजगणित शिकवतात. त्याचे चार मित्र जायला लागलेत. माझे दीर कॅलिफोर्नियात असतात. ते म्हणतात, तिकडे आठवीत अल्जेब्रा झालं नाही तर मुलं मागे पडतात, तुम्ही आत्ताच सुरू करा. आमचे हे म्हणतात, आम्हाला कुठे लहानपणी बीजगणित होतं, काय बिघडलं? मला काहीच ठरवता येत नाही. आपल्याला उशीर होतोय का?

उत्तर : ताई, उशीर झालेला नाही. या वर्षी हा क्लास लावू नका. तुमच्या पत्रात मला काळजीची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. 'अपूर्णांकात थोडा गोंधळतो' असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ती. तिच्याकडे येतेच.

आधी दिरांचं म्हणणं. ते खोटं नाही, पण ते तिथलं आहे. अमेरिकेत हायस्कूलचं गणित वर्षाला एक विषय असं चालतं : अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅलक्युलस आणि मग कॅलक्युलस. बारावीत कॅलक्युलस घ्यायचं तर उलटं मोजत आलं की अल्जेब्रा वन आठवीत येतं. तिथल्या पालकांची धास्ती यातून आलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये ठरवलं की आठवीत कुणालाच अल्जेब्रा नको, सगळ्यांना नववीत. त्यावरून इतकी वर्षं भांडण चाललं की २०२४ मध्ये शहराच्या मतदारांनी मतपेटीतून 'आठवीत परत आणा' असा कौल दिला.

आपल्याकडे असा फाटाच नाही. दहावीपर्यंत गणित सगळ्यांना एकच, आणि बीजगणित त्यात थोडं थोडं येत राहतं. तुमच्या मुलाच्या बालभारतीच्या पुस्तकात 'बीजगणिताची पूर्वतयारी' हे प्रकरण आहे, बघा. सहावीत समीकरणे, सातवीत बैजिक राशी आणि वर्गविस्तार, आठवीत अवयव आणि बहुपदींचा भागाकार. नववीपासून गणित भाग १ म्हणजे मुख्यतः बीजगणितच, दहावीत त्याचा ४० गुणांचा वेगळा पेपर. उलट सीबीएसईने तर पाऊल मागे घेतलंय : सहावीच्या जुन्या पुस्तकात बीजगणिताचं स्वतंत्र प्रकरण होतं, २०२४ मध्ये आलेल्या नव्या पुस्तकात ते नाही, अक्षरं सातवीत येतात. आणि जेईईचा अभ्यासक्रम हा अकरावी-बारावीचा. दहा वर्षांच्या मुलाच्या वहीवर आयआयटीचं नाव घालण्यात फायदा कुणाचा, हे मी सांगायला नको.

आता एक करा. आज रात्री जेवणं झाली की मुलाला हे लिहून द्या :

८ + ४ = □ + ५

चौकटीत काय येईल? काहीही सुचवू नका. बरीच मुलं धडाधड १२ लिहितात. काही जण सगळ्यांची बेरीज करून १७ लिहितात. बरोबर उत्तर ७. १२ लिहिणाऱ्या मुलाची बेरीज कच्ची नसते. पाचवीपर्यंत त्याने 'बरोबर'चं चिन्ह फक्त 'आता उत्तर लिही' या अर्थाने पाहिलेलं असतं. दोन्ही बाजूंची किंमत सारखी, हा त्याचा खरा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. अशा मुलाला समीकरणं शिकवायला बसलं की तो रीत पाठ करतो. दुसरं करणार काय?

अशा बॅचमधून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा हे लख्ख दिसतं. २क्ष + ३ = ११ दिलं की, 'तीन पलीकडे नेला, चिन्ह बदललं, आठ, भागिले दोन, चार.' फाडफाड. मग मी विचारते, 'उत्तर बरोबर आहे हे मला कसं पटवशील?' की मूल माझ्या तोंडाकडे बघतं. क्षच्या जागी चार ठेवून बघावं, हे सुचतच नाही, कारण क्ष ही एक संख्या आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. याच मुलांना ३क्ष = १२ दिलं की काही जण क्ष = १२ − ३ = ९ लिहून मोकळे होतात. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदल' एवढंच डोक्यात बसलेलं.

आणखी एक खोड म्हणजे 'अ म्हणजे आंबे, क म्हणजे केळी' असं शिकवणं. ३अ + २क म्हणजे तीन आंबे, दोन केळी. मुलं खूश, पालकही खूश. मग अ × क आलं की आंब्याला केळ्याने गुणायचं का? अक्षर वस्तूसाठी नसतं, संख्येसाठी असतं. ही चूक किती खोल जाते बघा : 'एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी' हे शिक्षकांची संख्या शि आणि विद्यार्थ्यांची संख्या वि घेऊन लिही म्हटलं, की मोठी मुलंसुद्धा शि = ३०वि लिहितात. शाळेत विद्यार्थ्यांच्या तीसपट शिक्षक! हवं होतं वि = ३०शि.

मग पाचवीत काहीच करायचं नाही का? करायचं, पण अक्षरांशिवाय. तुम्ही चाळीसगावच्या म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखाने भास्कराचार्यांच्या घराण्याचं नाव त्या परिसराशी जोडलंय. त्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला, त्यात अंकगणिताची 'लीलावती' आधी आणि 'बीजगणित' नंतर. पण गंमत अशी की अज्ञात संख्या शोधण्याच्या रीती 'लीलावती'तही आहेत, अक्षरं न वापरता. एक विलोमविधी, म्हणजे शेवटाकडून उलटं येणं : 'मी मनात एक संख्या धरली, दुप्पट केली, ७ मिळवले, ३१ झाले.' ३१ मधून ७ गेले २४, त्याचे निम्मे १२. दुसरी इष्टकर्म, म्हणजे सोयीची एक संख्या धरून चालायचं आणि मग दुरुस्ती करायची : 'एका संख्येत तिचा चौथा हिस्सा मिळवला तर ४५ होतात.' ४ धरा, ४ आणि १ मिळून ५. आपल्याला हवेत ४५, म्हणजे नऊपट. तर संख्या ३६. स्कूटरवर मागे बसलेलं मूलसुद्धा हे करू शकतं. रोज एक कोडं तुम्ही घाला, एक त्याला घालू द्या. त्याने घातलेलं कोडं सुटणारं आहे की नाही हे त्याचं त्याला तपासावं लागतं, आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

आता अपूर्णांक. १/३ + १/४ किती, असं विचारा. २/७ म्हणाला तर समजा, पुढचं दुखणं इथे आहे. कारण आठवीत क्ष/३ + क्ष/४ = ७ समोर येईल आणि तो डाव्या बाजूला २क्ष/७ लिहील. बाई सांगतील, 'याचं बीजगणित कच्चं आहे.' कच्चं बीजगणित नसेल, पाचवीतले अपूर्णांक कच्चे असतील. क्लासच्या फीचा विचार सोडा आणि या सुट्टीत समच्छेद, तुलना, बेरीज-वजाबाकी एवढंच पक्कं करा. कागदाच्या पट्ट्या घड्या घालून केलं तरी चालेल. १/३ आणि १/४ च्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की २/७ का चुकतं ते डोळ्यांना दिसतं : २/७ हे १/३ पेक्षाही लहान आहे, मग बेरीज झाली कशी?

तुमच्या यजमानांचंही मला पूर्ण पटत नाही. त्यांच्या वर्गात कितीजणांनी बीजगणित आलं आणि गणिताचा नाद सोडला, हे त्यांना आठवून बघायला सांगा.

मूल स्वतःहून पुढचं मागत असेल तर अर्थातच अडवू नका. सहावीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, समीकरणांचं प्रकरण उघडून द्या आणि बाजूला व्हा.

नाहीतर सहावीत ते प्रकरण शाळेत होऊ द्या, मग त्याची वही बघा. उत्तरं तपासलेली आहेत का, एवढंच. सातवीत उणे चिन्ह आणि कंस एकत्र येतात, ५ − २(क्ष − ३) सारखे. तिथे पुष्कळ मुलं कंसाबाहेर + ६ ऐवजी − ६ लिहितात, तेव्हा लक्ष ठेवा. अडलं तर आधी शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना भेटा. क्लासचा विचार सातवीच्या पहिल्या सत्रानंतर करू, आणि तेव्हाही एका बॅचमध्ये किती मुलं असतात, वह्या कोण तपासतं, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.