ओर्ताची आंब्याची टोपली आणि तुझी वीस मिनिटं

प्रिय,

रेनेसाँस सोसायटीच्या परिषदेसाठी तुझा निबंध स्वीकारला गेला, मनापासून अभिनंदन! सारांश वाचला. वसाहतवाद, ज्ञानव्यवहार, मुद्रणसंस्कृती, सगळं त्यात आहे. गार्सिया द ओर्ता, सोळाव्या शतकातला गोव्यातला पोर्तुगीज वैद्य, मात्र शेवटच्या दोन ओळींत अंग चोरून उभा. हे उलटं कर.

रेनेसाँस सोसायटी ऑफ अमेरिका १९५४ पासूनची. तिच्या वार्षिक परिषदेत एकाच वेळी डझनावारी सत्रं चालतात. तुझ्या खोलीत इटालियन भित्तिचित्रांवर काम करणारी बाई असेल, वैद्यकाचा इतिहासकार असेल, खोली चुकलेला एखादा शेक्सपिअरवालाही असेल. सिद्धान्त त्यांच्याकडे ढिगानं आहेत. तुझ्याकडचं पान त्यांनी पाहिलेलं नाही, तेवढं दाखव.

ओर्ताच्या ग्रंथातलं आंब्याचं प्रकरण घे. १५६३ साली गोव्यात छापलेला, भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा हा ग्रंथ संवादरूपात आहे: एकीकडे अहमदनगरच्या निजामशहावर उपचार केलेला अनुभवी ओर्ता, दुसरीकडे नुकताच बोटीतून उतरलेला, ग्रीक-लॅटिन वचनं तोंडपाठ असलेला डॉक्टर रुआनो. रुआनो काल्पनिक; माझ्या मते ओर्तानं स्वतःतलाच पोथीपंडित समोर बसवलाय. मुंबई बेट तेव्हा ओर्ताकडे खंडानं होतं. बोलणं रंगात आलेलं असताना वर्दी येते, की तिथलं कूळ आंब्यांची टोपली घेऊन आलंय, गव्हर्नरला नजराणा द्यायला. याच टोपलीवर थांब. शेतसारा, दरबारी मर्जी, फळाची पारख, सगळं तिच्यात आहे.

आता १५६७. अँटवर्पला प्लांटिनच्या छापखान्यातून वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याच ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढतो आणि संवाद गाळतो. युरोपातल्या बहुतेक विद्वानांनी ओर्ता वाचला तो असा. संवाद गेला, की वर्दी देणारी आणि टोपली वाहणारी माणसंही जातात. उरते वनस्पतींची माहिती. दोन्ही पानं पडद्यावर शेजारी शेजारी लाव. मग साहित्याचा, विज्ञानाचा आणि मुद्रणाचा अभ्यासक एकाच गोष्टीवर वाद घालतील. आंतरविद्याशाखीय म्हणतात ते हेच. चार शाखांची नावं एका वाक्यात कोंबून ते होत नाही.

ओर्ता धर्मांतरित ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये वारला आणि १५८० मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. सुरुवात यानं करू नकोस. सभागृह सुन्न होईल आणि तुझा मुद्दा कुणाच्या कानात शिरणार नाही. हवंच असेल तर शेवटी, एका कोरड्या वाक्यात सांग.

वीस मिनिटं म्हणजे इंग्रजीत दुहेरी अंतरानं टाइप केलेली आठ-नऊ पानं. बारा आणलीस तर अध्यक्ष चिठ्ठी सरकवणारच. मार्कहॅमच्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतरावर भिस्त ठेवू नकोस, निदान ही दोन-तीन पानं मूळ पोर्तुगीजमधून वाचून जा. कुणीतरी हटकून विचारतं. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणाराही एक भेटेलच. त्याला आभार मानून वाटेला लाव, वाद नको.

तिथे गेल्यावर आपल्या गोवा-पोर्तुगाल मंडळींतच घुटमळू नकोस. चित्रकलेच्या, संगीताच्या सत्रांत जाऊन मागच्या रांगेत बस.

मसुदा पुढच्या आठवड्यात पाठव, पण पहिली दोन पानं कापून. आणि व्हिसाची तारीख आजच घे. परिषदेची तारीख बघून दूतावास घाई करत नाही.

तुझी,
बाई