‘बायबल उघडावंसंच वाटत नाही’

पंचेचाळिशीच्या एक ताई. घराण्यात तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती विश्वास, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाच्या चिटणीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचं म्हणणं असं: “रोज सकाळी सहा ग्रुपवर वचन टाकते. लोक ‘आमेन’ लिहितात. मी स्वतः मात्र महिनाभर पवित्र शास्त्र उघडलेलं नाही. भूकच मेली. पाळकसाहेबांना कोणत्या तोंडानं सांगू? देवानं मला टाकलंय का?”

ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनात फार वेळा येते, आणि ती आली की वचनाआधी झोपेची चौकशी करायची असते. झोप लागते का, जेवण जातं का, आवडीच्या कामात अजून मन रमतं का? सगळ्यांतलीच गोडी दोन आठवड्यांहून जास्त काळ गेली असेल तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा आधी डॉक्टर, गरज पडल्यास थायरॉईड आणि हिमोग्लोबिनची तपासणी. अशा माणसाला “प्रार्थना कमी पडते” असं सांगणं क्रूरपणाचं आहे, आणि आपल्याकडे ते सर्रास सांगितलं जातं.

ताईंचं तसं नव्हतं. झोप शांत होती, क्वायरच्या सरावाला त्या आवडीनं जात होत्या. गोडी गेली होती ती फक्त वाचनातली, आणि कधीपासून तेही नेमकं सांगता येत होतं: फेब्रुवारीचा दुसरा आठवडा.

म्हणजे वर्षभराच्या वाचनाच्या वेळापत्रकात लेवीय, बायबलमधलं अर्पणांच्या नियमांचं तिसरं पुस्तक, गाठतं तो काळ. बायबलचे 1,189 अध्याय वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन-सव्वातीन पडतात. 1 जानेवारीला उत्साहानं सुरुवात होते. उत्पत्तीचे 50 अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात, निर्गमाचा पूर्वार्धही. मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं येतात आणि फेब्रुवारी लागता लागता लेवीयातली होमार्पणं, अन्नार्पणं, दोषार्पणं. घरात एखादं लग्न किंवा आजारपण निघालं की चार दिवस चुकतात, म्हणजे बारा अध्यायांची बाकी. आठ दिवसांत ती चोवीसवर जाते. मग पुस्तक दिसलं की थकलेला हप्ता आठवावा तसं होतं, आणि माणूस त्या कपाटाकडेच बघेनासा होतो. याला भूक मरणं म्हणत नाहीत. ही थकबाकीची धास्ती आहे.

म्हणून पहिलं काम: ते वेळापत्रक बंद. बाकी माफ. राहिलेले अध्याय भरून काढायचे नाहीत.

दुसरं कारण त्या फॉरवर्डमध्ये होतं. ताईंनी नोकरी गेलेल्या दिराला यिर्मया 29:11 पाठवलं होतं, भविष्याची आशा देणारं ते लाडकं वचन. दिराचं उत्तर आलं नाही. आम्ही दोघींनी तो अध्याय पहिल्या ओवीपासून (ओवी म्हणजे अध्यायातलं क्रमांक दिलेलं वचन) वाचला. ते पत्र आहे, बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असं 5व्या-6व्या ओवीत सांगितलंय. कारण 10व्या ओवीत परतीची मुदत आहे, 70 वर्षं. आशा आहे, पण उद्या सकाळची नाही. ताई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “हे मी वाचलंच नव्हतं. नुसतं पाठवलं.” स्वतः न वाचता वचन इतरांना वाटत राहिलं की वाटणाऱ्याच्याच पोटात काही जात नाही. भूक नाही असं वाटण्याचं हे मोठं कारण आहे, आणि मंडळीत पुढे पुढे काम करणाऱ्यांत ते जास्त आढळतं.

मग ठरलं ते असं. मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, 16 अध्याय. दिवसाला दहा ते पंधरा ओव्या, म्हणजे एक प्रसंग. सात-आठ आठवड्यांत पुस्तक होतं. छापील प्रत घ्यायची, फोन दुसऱ्या खोलीत. मोठ्यानं वाचायचं, कारण डोळे ओळी गाळतात, तोंडाला गाळता येत नाहीत. एकूण पंधरा मिनिटं. भूक असेपर्यंतच वाचून थांबायचं, पुढचा प्रसंग उद्यासाठी राहू द्यायचा. जुन्या भाषांतराची भाषा अडली तर सोप्या मराठीतली प्रत शेजारी ठेवावी, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षं, 1922 पर्यंत, सोप्या मराठीतल्या भाषांतरावरच घालवली.

वाचून झालं की वहीत एकच ओळ: यात विचित्र काय वाटलं? ‘देव मला काय सांगतो’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात मुद्दाम टाळायचा. दमलेलं मन त्याला पाठ असलेलं उत्तर देऊन मोकळं होतं.

आणि ती ओळ दिवसभरात एका माणसाला तोंडी सांगायची. आपल्या शब्दांत, दोन मिनिटांत. सहा ग्रुपवर पाठवणं चाळीस दिवस बंद. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालूच होता, मंडळात वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

कोणाला सांगायचं यावर गाडं अडलं. घरात कॉलेजात जाणारा मुलगा, आणि त्याच्याशी वचनावरून अबोला. “आई वचन फेकून मारते,” हे त्याचे शब्द. उशिरा उठला की नीतिसूत्रांच्या 6व्या अध्यायातली आळशाला धडा देणारी मुंगी, मित्रांबरोबर गेला की वाईट संगतीचा इशारा देणारा 1ला अध्याय. वचनाचा टोमणा झाला की ऐकणाऱ्याची भूक जाते आणि बोलणाऱ्याचीही. त्यामुळे नियम घातला: समोरच्याला लागू पडेल अशी ओवी त्याला सांगायची नाही. आपण अडलो ती सांगायची.

तिसऱ्या आठवड्यात मार्क 8:22-26 आलं, बेथसैदाचा आंधळा. येशूनं हात ठेवले तर त्याला माणसं झाडांसारखी चालताना दिसली. पुन्हा हात ठेवल्यावर स्पष्ट दिसलं. ताईंनी जेवताना एवढंच विचारलं, “दोनदा का लागलं असेल रे?” मुलानं खांदे उडवले. रात्री मात्र त्यानं फोनवर तो अध्याय काढून वाचला आणि सांगितलं की लगेच पुढे शिष्य पेत्र येशूला ‘ख्रिस्त’ म्हणतो आणि पाठोपाठ बोलणी खातो, म्हणजे त्यालाही अर्धवटच दिसत होतं. ताईंकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं. तेव्हापासून रोजचं वाचन त्यांना ओढून करावं लागलं नाही, कारण जेवताना विचारायला काहीतरी हवं होतं.

हे सगळ्या घरांत इतकं जमत नाही. मुलगा बोलला नसता तर मंडळातली एक मैत्रीण, ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा फोन, हा पर्याय तयार होता. दोघी-तिघींहून मोठा गट सुरुवातीला नको. पाचव्या बाईपासून प्रवचन सुरू होतं. “मला कळलं नाही” म्हणायची लाज वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये 8 वाचावं. रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा तो कूशी (इथिओपियाचा) अधिकारी फिलिप्पाला सरळ सांगतो की कोणी समजावल्याशिवाय मला कसं कळेल.

लेवीयाकडे ताई परत गेल्या, पण क्रमानं नाही. आधी 16वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि शेजारी इब्री लोकांस पत्राचा 9वा अध्याय उघडा ठेवून. मग 19वा, ज्यात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायला सांगितल्या आहेत. बाकीचे अध्याय अजून व्हायचे आहेत, आणि त्यांची तारीख ठरवलेली नाही.