सगळाच 'मूर्खपणा' नसतो गं

प्रिय पोरी,

तुझी गोष्ट वाचली. मामाचं पात्र झकास उतरलंय, डोक्यावर बादली घालून पोरांसमोर डुलत चालणारा तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. पण आई, आजोबा, शेजारीण, सगळे त्याला एकच शब्द लावतात, मूर्खपणा. तिथंच गोष्ट सपाट होते बघ. असल्या वागण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाहीये, आणि त्यातला कुठला शब्द कोण उचलतं यावरून मामापेक्षा बोलणाऱ्याबद्दलच जास्त कळतं.

बादलीचाच प्रसंग घे. आई त्याची धाकटी बहीण, ती हसू दाबत म्हणेल, "दादा, काय माकडचाळे लावलेत!" आजोबा पेपर खाली न ठेवता म्हणतील, "पुरे झाला आचरटपणा." शेजारीण दारातून, "नमुनाच आहे बाई." आणि पोरं? पोरं म्हणणार, "मामा येडाय!" आणि ते शंभर टक्के प्रेमच असतं. बादली तीच, पण चार शब्दांत चार माणसं उभी राहतात, तुला वेगळं वर्णन करायची गरजच पडत नाही.

आता वयाचं बघ, कारण इथं बरेच जण घसरतात. पोरकट आणि बालिश हे मोठ्यांनाच म्हणायचं, पाच वर्षांच्या पोराला पोरकट म्हणून कसं चालेल, तो पोरच आहे ना. त्याला वात्रट म्हण, खोडकर म्हण, वांड म्हण, मोठ्यांच्या मधे तोंड घालत असेल तर आगाऊ म्हण. थिल्लर मात्र लहान मुलाला चिकटत नाही, त्यात माणसाच्या अभिरुचीवरच बोट ठेवलेलं असतं, त्यामुळे तो शब्द लागतो जोरात. पांचट आणि पाचकळ बहुतेक बोलण्याला, जोकला लागतात, कोलांटी उडीला कुणी पांचट म्हणत नाही. बाष्कळ तर बडबडीशिवाय फारसा कुठं दिसतच नाही.

चाळे या शब्दाला जरा जपून हात लाव. पोरानं केले तर साधी मस्ती, पण तरुण मुलगा-मुलगी आले की त्याच शब्दाचा रंग पालटतो, पेपरातल्या बातम्यांत 'अश्लील चाळे' वाचलंच असशील. चावटपणाचंही तेच. आजी नातवाला चावट म्हणते ते लाडानं, पण ऑफिसमधल्या बाईनं एखाद्याला चावट म्हटलं तर ती तक्रार असते, आणि वाचकाला ती तक्रार म्हणूनच ऐकू आली पाहिजे.

दुसरं म्हणजे तू वेंधळा, बावळट आणि विदूषकी हे सगळं एकाच पोत्यात भरलंयस. वेंधळ्याला कुणाला हसवायचं नसतं, त्याच्या हातून वस्तू पडतात, चष्मा डोक्यावर असताना तो घरभर चष्मा शोधतो. धांदरट घाईत चुकतो. बावळटाला समोर काय चाललंय तेच उमगत नाही. तुझा मामा यातला कुणीच नाही, तो मुद्दाम करतो, त्याला नेमकं माहितीये पोरं कधी हसणार. त्याच्यासाठी सोंग हा शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. सोंग आणतात, सोंग घेतात, सोंगं करतात, आणि क्रियापद बदललं की अर्थ जरा सरकतो. आजारपणाचं सोंग घेतात ते फसवायला, मामाची सोंगं चालतात ती हसवायला. माहीत असून न कळल्यासारखं दाखवणाऱ्याला आपण वेड पांघरून पेडगावला गेला म्हणतो, तो तर मूर्ख नसतोच, उलट सगळ्यात हुशार तोच.

आणि विदूषक हा शब्द शिवी म्हणून वापरायच्या आधी एवढं लक्षात ठेव की संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, राजा संस्कृत बोलतो आणि हा प्राकृत बोलतो. तमाशातला सोंगाड्याही तसाच, हजरजबाबीपणा नसेल तर तो फडात उभाच राहू शकत नाही. म्हणून 'स्वतःचा जोकर करून घेतला' आणि 'विदूषकी केली' ही दोन वाक्यं मी कधीच एका मापानं मोजत नाही, पहिल्यात माणसाची पत गेलेली असते, दुसऱ्यात थोडं कसब शिल्लक असतं. शब्दांचं नशीबही पालटतं गं, वात्रट म्हणजे कान उपटायचा शब्द, पण त्यातूनच वात्रटिका झाली आणि मंगेश पाडगावकर, रामदास फुटाणे यांच्यासारख्या कवींनी तिला मानाची जागा मिळवून दिली.

तुझ्या गोष्टीतली कॉलेजची पोरं बोलतात तिथं मात्र नवीन शब्द बिनधास्त येऊ देत. नौटंकी, अवली, अतरंगी, 'कार्टून आहे यार तो', हे सगळं ती पोरं दिवसभर बोलतात, तिथं मर्कटचेष्टा आणलीस तर कुणीही ओळखेल की हे पोरं नाही, लेखिका बोलतेय.

आता ड्राफ्टवर परत बसशील तेव्हा मूर्खपणा सरसकट खोडू नकोस. मामा घर गहाण टाकतो त्या रात्री आजोबा जो म्हणतात, तेवढा राहू दे. तिथं ते खरंच संतापलेत आणि त्यांना दुसरा शब्द सुचायचा नाही.

तुझा,
सर