नाण्यांचा नाद लागला म्हणून फिजिक्स सोडायचं का?

नमस्कार ताई, तुमची लेक सांगलीला एसवाय बीएस्सीला आहे, विषय फिजिक्स, जुन्या नाण्यांचं वेड आणि एक्स-रेने नाण्यातले धातू कळतात हे समजल्यापासून फिजिक्स सोडून पुरातत्त्वाला जाते म्हणून हटून बसलीय, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत, सोडू देऊ नका, कारण तिला आवडलंय ते काम फिजिक्सचंच आहे.

हॉलमार्क सेंटरवर दागिना मशीनमध्ये ठेवून कॅरेट सांगतात ना, ते हेच एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे फ्लुरोसन्स. एक्स-रे पडले की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या एनर्जीचे एक्स-रे परत सोडतो, तांबं साधारण 8 केईव्ही (एक्स-रेची एनर्जी मोजायचं एकक), चांदी 22, त्यावरून कुठला धातू किती ते काढतात, नाणं घासायला नको की कापायला नको. खरी गोम पुढेच आहे. तांब्याचे हे एक्स-रे इतके कमजोर की चांदीच्या नाण्यात जेमतेम काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोलीवरूनच बाहेर येतात, आणि शेकडो वर्षं मातीत पडलेल्या नाण्याच्या वरच्या थरातलं तांबं बरेचदा निघून गेलेलं असतं, म्हणजे मशीन भरपूर चांदी दाखवतं आणि आत तेवढी नसतेच! प्राचीन रोमचं अँटोनिनियानस नावाचं नाणं बघा, इसवी सन 215 साली सुरू झालं तेव्हा चांदी निम्म्याच्या आसपास, 270 च्या सुमाराला पाच टक्केही नाही, पण वरून चांदीचा पातळ थर. नुसता आकडा वाचणारा इथे हमखास फसतो, फिजिक्स पक्कं असलेली पोरगी फसणार नाही.

आता पोटापाण्याचं. फक्त नाणी तपासायच्या नोकऱ्या फारच थोड्या, म्हणून एमएस्सी फिजिक्स नाहीतर मटेरियल सायन्स करू दे, जॅमची (आयआयटीसारख्या ठिकाणी एमएस्सीच्या प्रवेशाची परीक्षा) तयारी आत्तापासून, स्पेक्ट्रोस्कोपी (पदार्थातून येणाऱ्या किरणांवरून पदार्थ ओळखायचं शास्त्र) मन लावून. मग मेटल टेस्टिंग लॅब, कंपन्यांचं क्वालिटी डिपार्टमेंट, म्युझियमचं कॉन्झर्वेशन, सगळीकडे ट्राय करता येतं. रिसर्चला जायचं ठरलं तर इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (खूप प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) एक्सआरएफची बीमलाइनसुद्धा आहे, म्हणजे त्या एक्स-रेवर प्रयोग करायची जागा.

सुट्टीत तिला नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे तिकडे घेऊन जा. त्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नंतर स्वतःचा छाप मारलाय, एकाच नाण्यावर दोन राजे, ती वेडीच होईल बघून. आणि पुरातत्त्वाचं म्हणाल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाच्या एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, ते एमएस्सीनंतरही करता येईल, हे तिला आजच सांगा म्हणजे घरातली भांडणं तरी थांबतील.