प्रोटॉन आणि अँटीप्रोटॉन सारखेच असणार हे ठाऊक असताना एकेक कण पकडून, थंड करून मोजत का बसतात?

‘ठाऊक असताना’ हे वाचलं आणि राहवलं नाही. आजीच्या दोन पाटल्या, एक दादाला, एक ताईला. दादाचं म्हणणं, एकाच सोनाराच्या हातच्या, सारख्याच असणार. मी हट्टानं सगळ्यांना म्हापशाच्या बाजारात नेलं. काचेच्या पेटीतला जुना तराजू. सोनारानं पंखा बंद केला, दांडी स्थिर होईस्तोवर कुणाला बोलू दिलं नाही. डावं पारडं किंचित खाली गेलं. मी म्हटलं, आता पाटल्यांची अदलाबदल करा. पुन्हा डावंच खाली गेलं तर खोट तराजूत, उजवं गेलं तर पाटलीच जड. ‘कितें फरक पडटा?’ म्हणत दादा उठला आणि डाव्या पारड्यातली पाटली रुमालात बांधून मोकळा झाला.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकाच्या प्रयोगशाळेत प्रोटॉन-अँटीप्रोटॉन ताडून पाहणारी बेस प्रयोगाची मंडळी अशी उठत नाहीत. अँटीप्रोटॉन म्हणजे प्रोटॉनचा प्रतिकण: त्याचा विद्युतभार ऋण, प्रोटॉनचा धन. दोघांना एकाच विद्युत-चुंबकीय सापळ्यात आळीपाळीनं मोजायचं तर विद्युतदाब उलटा करावा लागतो, म्हणजे तराजूच बदलला. म्हणून ते प्रोटॉनऐवजी ऋण हायड्रोजन आयन घेतात आणि जादा दोन इलेक्ट्रॉनांचा हिशेब नंतर वजा करतात. चुंबकीय क्षेत्रात कण सेकंदाला जवळपास ३ कोटी फेऱ्या मारतो, त्या मोजायच्या; त्यावरून विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर निघतं. गरम कण ऐसपैस भटकतो, आणि क्षेत्र सगळीकडे अगदी सारखं नसतं, म्हणून थंड करणं. कणाच्या हालचालीनं सापळ्याच्या धातूत इवलासा प्रवाह उमटतो, तो ४ केल्व्हिनच्या (उणे २६९ अंश सेल्सिअसच्या) आसपास ठेवलेल्या कॉइलमध्ये जिरवला की कण निवतो. हे त्यांचं पंखा बंद करणं. चुंबकीय आघूर्णासाठी, म्हणजे कण स्वतः किती जोराचा चुंबक आहे ते मोजायला, त्याहून थंड कण लागतो. तो मिळवायला पूर्वी १५ तास जायचे, २०२४ मध्ये ते ८ मिनिटांवर आलं.

२०२२ चा निकाल: विद्युतभार आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तरात लाख कोटीत १६ भागांपर्यंत फरक नाही. ‘मग मिळालं काय?’ असं विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. भार, डावं-उजवं आणि काळाची दिशा एकदम उलटवली तरी निसर्गाचे नियम तेच राहतात, ही सीपीटी सममिती; तिच्यामुळंच दोन्ही कण सारखे असणार असं म्हणतात. तिच्यात केसाएवढी फट सापडली, तरी आजचं कणभौतिक पायापासून मांडावं लागेल. फट नाही हेही मोजल्याशिवाय म्हणता येत नाही.

पाटल्यांचा दाखला पुरता जुळत नाही, सापळ्यात वजन नव्हे, वारंवारिता, म्हणजे सेकंदाच्या फेऱ्या, मोजतात. पण अदलाबदल तीच.

दादा, वाचत असशील तर चवथीला वहिनीची पाटली घेऊन ये. ताईची इथंच आहे. तराजू मागून आणतो, पंखा मी बंद करीन.