पाय दुखतात म्हणून अ‍ॅस्पिरिन?

प्रश्न: वय 64. बाजारात जाताना शे-दोनशे पावलांत डाव्या पोटरीत गोळा येतो, थांबलो की दोन मिनिटांत जातो. शेजाऱ्यांचं ऐकून तीन महिने रोज 75 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन घेतोय. काही फरक नाही.

उत्तर: चालण्यात फरक पडणार नव्हताच. ही लक्षणं बहुधा पायाची धमनी आतून अरुंद झाल्याची आहेत. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, पण धमनीत साचलेला थर काही ती खरवडून काढत नाही. मग डॉक्टर ती का देतात? पायाच्या धमन्या खराब असल्या की हृदयाच्या आणि मेंदूच्याही असू शकतात. तिथे गुठळी होऊ नये म्हणून. आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून 0.9 किंवा त्याहून कमी आलं, तर निदान जवळजवळ पक्कं. गोळी मनाने सुरू केलीत, आता मनाने बंद करू नका. डॉक्टरांना ठरवू द्या.

पायासाठी खरं औषध म्हणजे चालणं, अर्थात डॉक्टरांनी हृदय तपासून होकार दिल्यावर. चांगलं दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, तीन महिने नेटाने. दुखतंय म्हणून घरी बसून राहू नका, एवढं कळकळीने सांगते.

प्रश्न: मिस्टर 34 वर्षांचे, विडी ओढतात. पायाचं बोट काळं पडलंय, रात्री झोप लागत नाही. अ‍ॅस्पिरिनने भागेल का?

उत्तर: नाही. आजच रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्या. या वयात विडी ओढणाऱ्याला असं झालं की बर्जर आजाराची, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होण्याची, शंका घ्यावीच लागते. त्यात तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कुठलीच गोळी पाय वाचवत नाही. दिवसाला एक विडीसुद्धा नको. मिश्री, मळलेली तंबाखूही नको. बोट शेकू नका, सुन्न कातडी भाजलेली कळत नाही.

प्रश्न: शिक्षिका आहे. संध्याकाळी पाय जड होतात, पोटरीवर निळ्या शिरा फुगल्यात.

उत्तर: या व्हेरिकोज व्हेन्स, इथे अ‍ॅस्पिरिनचं काम नाही. पाय उंच ठेवून पडा. घट्ट मोजे घालण्याआधी मात्र धमन्या तपासून घ्या.

प्रश्न: अ‍ॅस्पिरिन चालू आहे, दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय.

उत्तर: हा पोटातला रक्तस्राव असू शकतो. पुढची गोळी घेण्याआधी, आत्ताच हॉस्पिटल गाठा. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेत असाल तर तेही तिथे सांगा.